स्वस्त वाइनची परीक्षा

१८६५ मध्ये लंडनचे एक डॉक्टर रॉबर्ट ड्रुइट यांनी स्वस्त वाइनवरचा एक अहवाल पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया, ग्रीस आणि हंगेरी या देशांतून येणाऱ्या कमी किमतीच्या वाइनचा दर्जा काय, त्या प्रकृतीला मानवतात का, त्यांची किंमत किती आणि आहारात व औषधात त्यांचा उपयोग कोणता, असा सगळा पट त्यांनी पुस्तकाच्या नावातच मांडला होता. शल्यविद्येवरच्या पाठ्यपुस्तकामुळे वैद्यकीय वर्तुळात नाव मिळवलेल्या माणसाने उमरावांच्या तळघरांतले दुर्मीळ साठे सोडून सामान्य दुकानातली बाटली परीक्षेला घ्यावी, ही गोष्ट त्या काळी नवी होती. वाइनबद्दल जाणकारीने लिहायचे म्हणजे मोठ्या घराण्यांच्या, मोठ्या सालांच्या वाइनबद्दलच लिहायचे, असा समज तेव्हा होता आणि तो आजही पुरता गेलेला नाही. स्वस्त बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखण्याच्या प्रथेकडे म्हणूनच खऱ्या रसिकतेची गरीब नक्कल म्हणून पाहिले जाते. इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. ही प्रथा कर, परवाने आणि दुकानाची मांडणी यांतून जन्मली, तिचा उद्देश सुरुवातीपासून वेगळा होता, आणि ब्रिटनमधल्या साध्या वाइनचा दर्जा गेल्या साठ वर्षांत जो सुधारला त्यात तिचा वाटा मळ्यांतल्या आणि वायनऱ्यांतल्या कामाच्या तोडीचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी कराची गोष्ट. १८६० पर्यंत ब्रिटनमध्ये परदेशी वाइनवर गॅलनमागे सुमारे पावणेसहा शिलिंग जकात होती. एका गॅलनमध्ये सहा बाटल्या धरल्या तर बाटलीमागे साडेअकरा पेन्स झाले. आत उत्तम वाइन असो वा आंबट पाणी, जकात तेवढीच. अशा करात स्वस्त माल आणणे व्यापाऱ्याला परवडत नाही. कराचा बोजा सोसायचाच आहे तर महाग मालावर सोसावा, हे उघड गणित. त्यातून ब्रिटिश माणसाची वाइन म्हणजे ब्रँडी घालून कडक केलेली पोर्ट आणि शेरी, असे समीकरण दीड शतक चालले. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी १८६० च्या अंदाजपत्रकात आणि त्याच वर्षीच्या फ्रान्सबरोबरच्या व्यापारी करारात हे बदलले. जकात आधी तीन शिलिंगांवर आली आणि मग मद्यांशाच्या प्रमाणात लागू लागली. १८६२ मध्ये दर ठरले तेव्हा हलक्या वाइनवर गॅलनमागे फक्त एक शिलिंग, म्हणजे बाटलीमागे दोन पेन्स उरले. याच्या जोडीला दुसरा बदल झाला, आणि माझ्या मते तो अधिक दूरगामी होता. किराणा दुकानदाराला परवाना घेऊन वाइनची एकेक बाटली विकण्याची मुभा मिळाली. तोपर्यंत वाइन घ्यायची तर व्यापाऱ्याकडून पिंपाने किंवा डझनाने घ्यावी लागे. ज्याच्या घराला तळघर नाही त्याचा हा विषयच नव्हता. एक बाटली विकत घेता येऊ लागली म्हणजे एक बाटली नापसंत करून पुढच्या वेळी दुसरी घेता येऊ लागली. तुलनेचे सगळे बळ या साध्या सोयीत आहे.

ही सोय हेरून मोठे झालेले घराणे गिल्बी बंधूंचे. क्रिमियाच्या युद्धातून परतलेल्या वॉल्टर आणि आल्फ्रेड गिल्बी यांनी १८५७ मध्ये लंडनमध्ये दुकान काढले ते दक्षिण आफ्रिकेतल्या केप वाइनच्या जोरावर, कारण वसाहतीच्या मालाला निम्मी जकात होती. १८६० मध्ये ही सवलत गेली तसे ते फ्रेंच वाइनकडे वळले, गावोगावचे किराणा दुकानदार त्यांनी आपले अडते केले आणि आपल्या नावाच्या लेबलाची, सीलबंद बाटली ठरलेल्या किमतीला सगळीकडे एकसारखी विकली. १८६५ मध्ये निघालेल्या व्हिक्टोरिया वाइन कंपनीने तेच सूत्र आपल्या साखळी दुकानांत वापरले. दीड दशकात ब्रिटनमधला वाइनचा खप दुपटीहून अधिक झाला. ड्रुइट यांचा अहवाल या लाटेत आला आणि त्यामुळेच त्याचे मोल आहे. नव्याने बाजारात आलेल्या गिऱ्हाइकाला वडिलोपार्जित माहिती नव्हती, ओळखीचा व्यापारी नव्हता, आणि ग्रीस-हंगेरीच्या वाइनची नावेही त्याने कधी ऐकलेली नव्हती. त्याला हवे होते ते एवढेच: या पैशात यांतले काय निर्मळ आहे, काय पचेल, काय टाळावे. शहरातल्या बैठ्या माणसाला ब्रँडीने जड केलेल्या पोर्टपेक्षा हलकी, भेसळ नसलेली वाइन बरी, असे डॉक्टर म्हणून त्यांचे मत होते. त्या वैद्यकीय मताशी आज कोणी सहमत होणार नाही, पण परीक्षेची पद्धत पाहण्याजोगी आहे. वाइन कुठल्या घराण्याची यापेक्षा ती शुद्ध आहे का आणि किमतीला उतरते का, या दोन कसोट्या त्यांनी पुढे ठेवल्या. सुपरमार्केटच्या वाइनची परीक्षा आजही याच दोन कसोट्यांवर चालते.

ही परंपरा मात्र सलग चालली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन गोष्टींनी ती मोडली. एक म्हणजे उत्पादकाने ठरवलेल्या किमतीच्या खाली दुकानदाराने विकायचे नाही, ही पद्धत. किंमत सगळीकडे तीच असेल तर किमतीला उतरते का, हा प्रश्न विचारण्यात हशील राहत नाही. दुसरी गोष्ट अधिक वाईट होती: लेबलावर विसंबण्यासारखे काही उरले नाही. युरोपीय आर्थिक समुदायात ब्रिटन १९७३ मध्ये दाखल होईपर्यंत स्पॅनिश मालाला फ्रेंच प्रदेशाचे नाव लावून ‘स्पॅनिश बर्गंडी’ असल्या नावाने वाइन राजरोस विकली जाई. वाइन पिंपांतून, टाक्यांतून येई आणि बाटल्या ब्रिटनमध्ये भरल्या जात. त्या भरताना काय घडते हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. १९६६ मध्ये ‘संडे टाइम्स’ने इप्सविच इथल्या एका तळघराची हकिकत छापली, तिथे एकच मिश्रण मागणीप्रमाणे वेगवेगळ्या नामांकित फ्रेंच नावांच्या बाटल्यांत भरले जात होते. देवगडचे नाव छापलेल्या पेटीतून भलत्याच ठिकाणचा आंबा घरी येतो, तेव्हा आपल्याकडचे गिऱ्हाईक ज्या कात्रीत सापडते तीच ही कात्री. नावाला पैसे मोजायचे, आणि नाव खरे की खोटे हे ओळखण्याइतकी आपली जीभ तयार आहे की नाही, याची खात्री नाही. इप्सविचच्या बाटल्या पिणाऱ्यांनी वर्षानुवर्षे तक्रार केली नाही, कारण तीच वाइन दोन नावांनी शेजारी ठेवून चाखण्याची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

बदल पुन्हा कायद्याने आणला. १९६१ च्या परवाना कायद्याने बाटलीबंद मद्य विकणाऱ्या दुकानांना दिवसभर दुकान उघडे ठेवता येऊ लागले, त्यामुळे इतर किराण्याबरोबर वाइन विकणे सुपरमार्केटला सोयीचे झाले. १९६४ च्या कायद्याने उत्पादकाने किंमत बांधून देण्याची पद्धत मोडीत काढली आणि पुढच्या काही वर्षांत मद्याच्या किमतीही मोकळ्या झाल्या. वाइन आता दूध-पावाच्या पुढच्या रांगेत, हाताला येईल अशा फळीवर, किंमत लावून उभी राहिली. व्यापाऱ्यासमोर नाव चुकीचे उच्चारले तर काय, ही धास्ती गेली. पण त्याचबरोबर सांगणारा माणूसही गेला. गिऱ्हाईक फळीसमोर एकटे पडले, आणि ज्याला काही कळत नाही असे गिऱ्हाईक परिचयाच्या गोड चवीकडे जाते. १९७० च्या दशकात लीबफ्राउमिल्श, ब्लू नन, मातेउश रोझे या गोडसर वाइनचा जो खप झाला त्याचे कारण हेच. सुपरमार्केटांनी यावर स्वतःच्या नावाची वाइन काढली. हे पाऊल धंद्याच्या दृष्टीने साधे होते, पण त्यामुळे जबाबदारी कुणाची हे पक्के झाले. बाटलीवर दुकानाचेच नाव असल्यावर वाइन खराब निघाली तर दुकानाच्या बटर आणि बिस्किटांवरचाही विश्वास जातो. म्हणून मोठ्या साखळ्यांनी वाइनचे स्वतंत्र खरेदी विभाग उभारले, ‘मास्टर ऑफ वाइन’ ही अवघड परीक्षा उत्तीर्ण झालेली माणसे तिथे नेमली, आणि पुरवठादारांकडून आलेले नमुने डझनांनी एका टेबलावर मांडून तोलून पाहण्याचे काम रोजच्या कामाचा भाग झाले. ड्रुइट यांनी एकट्याने केले ते आता पगारी नोकरांचे खाते झाले होते.

या टेबलामुळे काय घडले, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे बल्गेरिया. १९८० च्या दशकात ब्रिटनच्या सुपरमार्केटांत बल्गेरियन काबर्ने सोविन्यों ही सर्वांत भरवशाची स्वस्त लाल वाइन ठरली. बल्गेरियाच्या मागे ना नामांकित मळे होते, ना कहाणी, ना कुणा राजघराण्याची पसंती. उलट पोलादी पडद्याआडच्या देशाचे, सरकारी वायनऱ्यांतले हे उत्पादन होते. नावावरून निवड करायची असती तर ही वाइन कोणी दारात उभी केली नसती. ती निवडली गेली कारण नाव बाजूला ठेवल्यावर तिच्यात पिकलेल्या द्राक्षाची चव होती आणि त्याच किमतीच्या बोर्डोत अनेकदा ती नव्हती. १९७६ मध्ये स्टीव्हन स्परियर यांनी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांपुढे लेबले झाकून वाइन मांडल्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या, ही घटना वाइनच्या प्रत्येक इतिहासात सापडते. माझ्या मते बल्गेरियाचा प्रसंग त्याहून मोठा आहे. पॅरिसमध्ये एका दुपारी काही मोजक्या महागड्या बाटल्यांची क्रमवारी बदलली. इथे लाखो घरांच्या जेवणातली बाटली बदलली.

फ्रान्सच्या दक्षिणेकडल्या आणि बोर्डोच्या सहकारी वायनऱ्यांवर याचा उलट परिणाम झाला, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. द्राक्षे वाईट नव्हती. पण नळ्या नीट धुतल्या जात नव्हत्या, तोडणीच्या गरम दिवसांत रस थंड ठेवायची सोय नव्हती, शनिवार-रविवारी टाक्यांकडे कोणी फिरकत नसे, आणि हवा लागून रस तपकिरी होई. ब्रिटनमधले वाइन व्यापारी टोनी लेथवेट यांनी १९८७ मध्ये एक युक्ती काढली. ऑस्ट्रेलियातली तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये संपते, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथले वाइनमेकर मोकळे असतात. त्यांना फ्रान्सच्या सहकारी वायनऱ्यांत धाडायचे. या माणसांनी केलेले काम कलेपेक्षा आरोग्य खात्याच्या कामाला जवळचे होते. टाक्या घासणे, रस गार ठेवणे, हवा रोखणे, सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण वेळच्या वेळी राखणे, रात्रपाळी करणे. त्याच मळ्यांतली, त्याच सभासदांची द्राक्षे, आणि वाइन ताजी, स्वच्छ, फळाच्या वासाची. पुढे सुपरमार्केटांच्या मागणीवरून अशी फिरती माणसे हंगेरी, मोल्दोव्हा, चिलीपर्यंत गेली. ही सगळी तंत्रे आधीपासून माहीत होती. ती स्वस्त वाइनला लावावीत एवढे कारण कुणाला नव्हते. खरेदीदाराच्या टेबलावर शेजारच्या पेल्याने हरण्याची भीती निर्माण झाली तेव्हा ते कारण मिळाले. वाइन सुधारली ती तंत्रज्ञानाने, चाखण्याने नव्हे, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हे आहे. तंत्रज्ञान आणायला कोणी भाग पाडले, हे त्यांनी पाहावे.

टेबलावरची तुलना मग दुकानाच्या आतून बाहेर पडून वाचकांपर्यंत आली. १९८४ मध्ये रॉबर्ट जोसेफ आणि चार्ल्स मेटकाफ यांनी इंग्लंडच्या वाइन इतर देशांच्या वाइनशी ताडून पाहण्यासाठी जी चाचणी घेतली तिच्यातून ‘इंटरनॅशनल वाइन चॅलेंज’ ही स्पर्धा उभी राहिली. १९८९ पासून ‘गार्डियन’मध्ये माल्कम ग्लक यांचे सदर सुपरमार्केटच्या बाटल्यांना विसापैकी गुण देऊ लागले. ग्लक यांच्या गुणांत किंमत धरलेली असे, हा त्यांचा विशेष. दोन वाइन सारख्याच चांगल्या असतील तर स्वस्त बाटलीला जास्त गुण. जुन्या पठडीतल्या समीक्षकांना हे खपले नाही. कवितेला गुण देताना पुस्तकाची किंमत कोण पाहते, असा त्यांचा रोख होता. हा आक्षेप महाग वाइनपुरता खरा असेल. पण ज्या घरात आठवड्याच्या किराण्याच्या यादीत वाइनची एक बाटली बसवायची आहे त्या घरासाठी किंमत हा दर्जाचाच भाग आहे, आणि तो लपवणारी समीक्षा अर्धवट आहे. ग्लक यांनी वाचकाच्या खिशाला समीक्षेत जागा दिली.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. माणसाच्या जिभेवर इतका भरवसा टाकावा का? कॅलिफोर्नियातले रॉबर्ट हॉजसन हे संख्याशास्त्र जाणणारे निवृत्त प्राध्यापक आणि स्वतः छोट्या वायनरीचे मालक. आपल्याच वाइनला एका स्पर्धेत पदक आणि दुसरीत काहीच नाही, असे का होते हे त्यांना शोधायचे होते. कॅलिफोर्निया राज्य जत्रेच्या स्पर्धेत त्यांनी २००५ पासून चार वर्षे एक साधा प्रयोग केला. परीक्षकासमोर एका फेरीत सुमारे तीस पेले ठेवायचे आणि त्यांतले तीन पेले एकाच बाटलीतून भरायचे. परीक्षकाला हे सांगायचे नाही. त्या तीन पेल्यांना एकाच पदकाच्या टप्प्यात बसतील असे गुण देणारे परीक्षक दहांत जेमतेम एक निघाले. बाकीच्यांनी एकाच बाटलीला वेगवेगळ्या टप्प्यांत बसणारे गुण दिले. याच स्पर्धेत २००७ मध्ये, सुरुवातीला दोन डॉलरांनाही एक सेंट कमी अशा किमतीत विकल्या गेलेल्या ‘चार्ल्स शॉ’ची २००५ सालची शार्दोने राज्यात सर्वोत्तम ठरली होती, हे लक्षात घेतले म्हणजे स्वस्त वाइनचा तो विजयही संशयात सापडतो. २००८ मध्ये आणखी दोन अभ्यास आले. एकात लेबल झाकून केलेल्या सहा हजारांहून अधिक नोंदी होत्या. सामान्य लोकांना महाग वाइन स्वस्तापेक्षा अधिक आवडते असे त्यांत दिसले नाही, उलट किंचित कमी आवडते असे दिसले. दुसऱ्यात मेंदूचे चित्रण करताना तीच वाइन एकदा दहा डॉलरची आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून दिली, तर नव्वदवाली लोकांना अधिक आवडली.

हे पुरावे मला मान्य आहेत. विसापैकी १६ आणि १७ यांतला फरक अर्थहीन आहे, पदकांच्या चकत्या बाटलीवर चिकटवून विकणे फसवे आहे, आणि एका माणसाच्या एका दुपारच्या मतावर डझनभर बाटल्या घेऊ नयेत. पण यावरून तुलनाच व्यर्थ ठरते, हे अनुमान बरोबर नाही. हॉजसन यांचे परीक्षक चुकले ते बहुतांशी निर्दोष, एकमेकींच्या जवळच्या वाइनची उतरंड लावताना. स्वस्त वाइनचा प्रश्न असा बारीक नसतो. तिथे विचारायचे असते की हिला हवा लागली आहे का, व्हिनेगरचा वास येतो का, सडक्या अंड्याचा गंधक जाणवतो का, बुचाची बुरशी लागली आहे का. बुचाचा तो ओलसर पुठ्ठ्यासारखा वास देणारे रसायन लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी सराव असलेल्या नाकाला सापडते. तीन पेल्यांतले दोन सारखे आणि एक वेगळा ठेवून वेगळा ओळखायला लावण्याची चाचणी अन्नप्रयोगशाळांत रोज वापरली जाते, कारण ठळक फरक माणसे पुन्हा पुन्हा बरोबर ओळखतात. किमतीच्या अभ्यासांनी तर माझीच बाजू भक्कम केली आहे. किंमत दिसली की जीभ तिच्या मागे जाते. म्हणून लेबल झाकायचे. झाकल्यावर किंमत आणि आवड यांचे नाते उरत नसेल, तर जास्त पैसे मोजले म्हणजे अधिक आवडीची वाइन मिळाली, या समजुतीला आधार काय?

जिभेची खरी मर्यादा वेगळीकडे आहे आणि तिची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे. १९८५ मध्ये ऑस्ट्रियातल्या काही उत्पादकांनी वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचे उघड झाले. वाइन दाट आणि गोडसर लागावी म्हणूनच ते घातले होते, म्हणजे चाखणाऱ्यालाच फसवण्याचा तो डाव होता आणि तो साधला होता. पुढच्याच वर्षी इटलीत स्वस्त वाइनचा मद्यांश वाढवायला मिथेनॉल घातले गेले आणि २० हून अधिक माणसे मेली, कित्येकांची दृष्टी गेली. मिथेनॉल चवीवरून ओळखता येत नाही. या दोन वर्षांनी स्वस्त वाइनच्या व्यापाराला प्रयोगशाळेची सक्ती केली, आणि ती योग्यच होती. चाखणे हे रासायनिक तपासणीच्या जागी बसवता येत नाही. तपासणीतून सुखरूप सुटलेल्या मालातून निवड करणे एवढेच त्याचे क्षेत्र आहे. ज्यांनी ही सीमा ओलांडून आपल्या नाकाला शुद्धतेचा दाखला देण्याचा अधिकार दिला त्यांच्या बाजूने मला बोलता येणार नाही.

१९९० नंतर या प्रथेला उतरती कळा लागली. तिचे कारण किमतीत आहे. तुलना करायची तर किंमत खरी हवी. ब्रिटनच्या फळ्यांवर दहा पौंडांची म्हणून लावलेली आणि वर्षातले बरेच दिवस ‘निम्म्या किमतीत’ विकली जाणारी बाटली दिसू लागली, तेव्हा गिऱ्हाईक वाइनऐवजी सवलतीची तुलना करू लागले. खरी बाब लपली ती कराच्या आड. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये बाटलीमागे २ पौंड २३ पेन्स उत्पादन शुल्क होते. पाच पौंडांच्या बाटलीत ८३ पेन्स मूल्यवर्धित कर. दोन्ही मिळून ३ पौंड ६ पेन्स सरकारचे. उरलेल्या १ पौंड ९४ पेन्समधून काच, झाकण, लेबल, जहाज, दुकानाचा नफा वजा जाता द्राक्षाला काय राहील याचा अंदाज करावा. दहा पौंडांच्या बाटलीत मात्र तेच शुल्क आणि १ पौंड ६७ पेन्स कर वजा करून ६ पौंड १० पेन्स उरतात. गिऱ्हाइकाने दुप्पट मोजले आणि वाइनच्या वाट्याला तिपटीहून अधिक आले. सर्वांत खालच्या फळीवर तुलना करणे आज वीस-तीस पेन्सच्या द्राक्षातला फरक शोधणे झाले आहे, आणि एक फळी वर सरकणाऱ्याला तुलनेचा मोबदला कितीतरी जास्त मिळतो. वाइनचे सदर चालवणाऱ्या प्रत्येकाने हे गणित वर्षातून एकदा तरी छापावे.

सुपरमार्केटच्या टेबलाने वाइन एकसारखी केली, लहान शेतकरी पिळून काढला, असाही आरोप आहे. त्यात तथ्य आहे. चोवीस हजार लिटरच्या प्लास्टिकच्या पिशवीत वाइन भरून ती कंटेनरमधून ब्रिटनला आणायची आणि तिथे बाटल्यांत भरायची, या व्यवस्थेत चाळीस ओळी द्राक्ष लावणाऱ्याला जागा नाही. दक्षिण फ्रान्समधल्या द्राक्ष बागायतदारांनी स्वस्त आयातीविरुद्ध टँकर फोडण्यापर्यंत मजल मारली. पण त्या भागातल्या ज्या सहकारी वायनऱ्यांनी आपला माल तुलनेला उभा केला त्यांचे सभासद टिकले. ज्यांनी सरकारी खरेदीवर आणि अतिरिक्त वाइनपासून अल्कोहोल काढण्याच्या अनुदानावर भिस्त ठेवली त्यांचे मळे उपटले गेले. खरेदीदाराची भावातली दंडेली ही चाखण्याच्या प्रथेहून निराळी गोष्ट आहे, आणि तिला आवर घालायला व्यापाराचे कायदे हवेत.

दारूच्या दुष्परिणामांचा आक्षेप याहून जड आहे. हलकी वाइन स्वस्त झाली तर लोक जिन सोडतील, ही ग्लॅडस्टन यांची आशा खोटी ठरली. वाइनची भर पडली, बाकीचे सुटले नाही. १८७० च्या दशकात मद्यपानविरोधी चळवळीने किराणा दुकानांच्या परवान्यांवर हल्ला चढवला; घरातल्या बायका किराण्याच्या बिलात दारू लपवतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधला दरडोई वाइनचा खप अनेक पटींनी वाढला आणि यकृताचे विकारही वाढले. स्कॉटलंडने २०१८ मध्ये मद्याच्या एककाला ५० पेन्स अशी किमान किंमत बांधली, त्याने १३ टक्के मद्यांशाची बाटली ४ पौंड ८८ पेन्सच्या खाली विकता येईना. २०२४ मध्ये ती मर्यादा ६५ पेन्स झाली. असा उपाय योग्य आहे असे मला वाटते, आणि तो तुलनेच्या आड येत नाही. किमान किंमत बांधली की सर्वांत स्वस्त कोण ही शर्यत थांबते आणि त्या किमतीत सर्वांत चांगले कोण हा प्रश्न पुन्हा पुढे येतो.

महाराष्ट्रात हाच वाद २७ जानेवारी २०२२ रोजी पेटला. शंभर चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटांत वेगळ्या कपाटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, दारूबंदीचे जिल्हे आणि शाळा-देवळांजवळची दुकाने वगळून. विरोधी पक्ष उठले, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, हरकती मागवण्यात आल्या आणि निर्णय अमलात आला नाही. एका बाजूने द्राक्ष बागायतदाराचे हित मांडले, दुसऱ्या बाजूने घराघरांत दारू शिरण्याची भीती. बाटलीत काय आहे आणि ते पैशाला उतरते का, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी सोडला. शामराव चौगुले यांनी नारायणगावला फेसाळ वाइन काढून ती १९८० च्या दशकात ‘ओमर खय्याम’ नावाने ब्रिटनच्या बाजारात उतरवली, तेव्हा तिथल्या खरेदीदारांनी ती इतर देशांच्या मालाशेजारी ठेवूनच पारखली असणार. २००१ च्या राज्य धोरणाने वायनऱ्यांना करात सवलती आणि विंचूर-पलूसला वाइन पार्क दिले. गोव्यात सुपरमार्केटच्या फळीवर बाटल्या उघड दिसतात. महाराष्ट्रात बहुतेक दुकानांत त्या काउंटरच्या पलीकडे असतात, गिऱ्हाईक नाव सांगते आणि नेते. नाशिकच्या वायनऱ्यांनी चाखण्याच्या खोल्या काढल्या आहेत, तिथे पाच-सहा पेले ओळीने मिळतात, पण सगळे एकाच कंपनीचे. पाच वायनऱ्यांच्या हजार रुपयांच्या आतल्या शेनिन ब्लांक एका टेबलावर, कागदात गुंडाळून, सारख्या गार करून मांडल्या आणि निकाल किमतीसह मराठी वर्तमानपत्रात छापला, असे नियमाने चालणारे सदर अजून सुरू व्हायचे आहे.